शेवटच्या आजारात कोणते उपचार हवे, कोणते नको? बोलता येतंय तोवर लिहून ठेवा. मौदा तालुक्यातील ज्येष्ठांसाठी ‘लिव्हिंग विल’ची संपूर्ण माहिती

मौदा : “मले नळ्या-गिळ्या नका लावजा.” “चालता-बोलता गेलो म्हणजे सोनं झालं.” गावात कुणाच्या आजारपणाचा विषय निघाला, की पारावर किंवा भजन आटोपल्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून असं काहीतरी हमखास ऐकू येतं. पण हेच बोलणं घरात मुला-सुनेसमोर निघालं की लगेच थांबवलं जातं. “बाबा, अभद्र बोलू नका” एवढं म्हटलं की विषय संपला.

विषय संपतो, प्रश्न मात्र संपत नाही. एखाद्या रात्री तब्येत बिघडते. १०८ बोलावली जाते. पेशंट भंडाऱ्याला किंवा नागपूरला नेला जातो आणि थेट अतिदक्षता विभागात भरती होतो. मग डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, “व्हेंटिलेटर लावायचा का? इथे सही करा.” आजारी माणूस बेशुद्ध. एक मुलगा म्हणतो, काहीही करा पण वाचवा. दुसरा म्हणतो, आता त्यांचे हाल नका करू. मुलगी सासरहून निघालेली असते, फोनवर रडत असते. शेवटी ज्याची सही होते, त्याच्या मनात पुढे कित्येक वर्षं एकच गोष्ट राहते. बाबांना खरंच काय हवं होतं?

या प्रश्नाचं उत्तर फक्त बाबाच देऊ शकत होते, आणि ते बोलू शकत होते तेव्हा कुणी विचारलं नाही. हे टाळण्यासाठी आता कायदेशीर मार्ग आहे. त्याला ‘लिव्हिंग विल’ म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात.

लिव्हिंग विल म्हणजे नेमकं काय?

हा एक लेखी कागद आहे. माणूस शुद्धीत आणि समजदार असताना तो स्वतः लिहून ठेवतो. “मला बरा न होणारा आजार झाला, सुधारण्याची आशा उरली नाही आणि मला स्वतः बोलता येत नसेल, तर माझ्यावर कोणते उपचार करू नयेत आणि माझ्या वतीने कोणी निर्णय द्यावा,” हे त्यात असतं.

मृत्युपत्र वेगळं आणि हे वेगळं. मृत्युपत्रात शेत, घर, दागिने यांची वाटणी असते आणि ते माणूस गेल्यावर लागू होतं. वैद्यकीय इच्छापत्रात मालमत्तेचा एक शब्दही नसतो. ते माणूस जिवंत असताना, फक्त दवाखान्यातल्या उपचारापुरतं लागू होतं.

दोन उदाहरणं : पवनार आणि मुंबई

विदर्भातल्या लोकांना विनोबा भावे यांची गोष्ट माहीत आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमात ते आजारी पडले. वय ८७. त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं बंद केलं. घ्या म्हणून पुष्कळ आग्रह झाला, पण ते ठाम राहिले. १५ नोव्हेंबरला त्यांनी देह ठेवला. त्यांचा निर्णय कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण तो त्यांचा स्वतःचा होता आणि तो सांगण्याइतकी शुद्ध त्यांना होती.

दुसरं उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातलं. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच पाशवी हल्ला झाला. गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर सुमारे ४२ वर्षं त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना अन्न देणं थांबवून शांतपणे जाऊ द्यावं, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. इतकी वर्षं जीव लावून सेवा करणाऱ्या केईएमच्या परिचारिका आणि कर्मचारी मात्र त्यांना जगवू इच्छित होते. न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी कर्मचाऱ्यांचं म्हणणं मान्य करून याचिका फेटाळली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने शानबाग यांचं निधन झालं.

दोन्ही बाजूंच्या लोकांना त्यांच्याबद्दल माया होती. पण अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं, हे कळायला कुठलाच मार्ग नव्हता. लिव्हिंग विलची गरज इथेच आहे. विनोबा बोलू शकत होते. ज्याला त्या वेळी बोलता येणार नाही, त्याच्या वतीने हा कागद बोलतो.

न्यायालयाने काय सांगितलं?

२०११ च्या निकालात न्यायालयाने अरुणाताईंच्या बाबतीत नकार दिला, पण काही प्रकरणांत उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीव टिकवणारे उपचार थांबवता येतील, असं पहिल्यांदा मान्य केलं.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर मोठा निकाल दिला. सन्मानाने मरण येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात म्हटलं आणि लिव्हिंग विलला मान्यता मिळाली. पण त्या वेळी कागदावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. ही पद्धत इतकी किचकट होती की सामान्य माणूस त्या वाटेला जाणं कठीण होतं.

म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने नियम सोपे केले. आता न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर केलेला कागद चालतो. संसदेने यावर अजून स्वतंत्र कायदा केला नसला, तरी न्यायालयाचे हे निर्देश देशभर लागू आहेत.

महाराष्ट्रात हे कागद ठेवायचे कुणाकडे, हा प्रश्न होता. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं आणि यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर राज्यात चारशेहून जास्त कस्टोडियन, म्हणजे कागद सांभाळणारे अधिकारी, नेमण्यात आले. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं.

ज्येष्ठ मंडळी का टाळतात? पाच समजुती

१) “असं बोलणं अशुभ आहे.”
पिकलं पान गळणारच, हे म्हाताऱ्यांना सगळ्यांत आधी माहीत असतं. ते आपसात बोलतातही. अडतं ते घरच्यांसमोर. पीक विमा काढला म्हणून गारपीट होत नाही. तसंच कागद केला म्हणून मरण जवळ येत नाही.

२) “पोरं पाहून घेतीन ना.”
यात पोरांवरचा विश्वास आहे आणि तो चांगलाच आहे. पण पोरांना नेमकं काय पाहायचं ते सांगितलेलं नसतं. मग त्यांच्यातच वाद होतात. कागद केला म्हणजे पोरांवर अविश्वास दाखवला असं नाही. उलट त्यांच्या डोक्यावरचं ओझं आपण उतरवलं.

३) “कागद केला तर डॉक्टर उपचारच करणार नाहीत.”
हा सगळ्यांत मोठा गैरसमज आहे. धानाच्या बांधीत साप चावला, रस्त्यावर अपघात झाला, हार्ट अटॅक आला, डेंग्यू झाला, तर पूर्ण उपचार होतातच. सुधारण्याची शक्यता असेल तोवर हा कागद बाजूलाच असतो. आणि माणूस शुद्धीत असेल तर कागद नाही, त्याचं तोंडी म्हणणंच चालतं.

४) “अंगठा घेऊन शेत लिहून घेतलं तर?”
ही भीती खरी आहे, कारण अशी फसवणूक होते. म्हणून न वाचलेल्या, कोऱ्या किंवा मालमत्तेचा उल्लेख असलेल्या कागदावर सही-अंगठा करायचाच नाही. सही येत नसेल तर नोटरीने सर्वांसमोर कागद मोठ्याने वाचून दाखवावा, असा आग्रह धरावा. साक्षीदार शक्यतो वारसा किंवा फायद्याशी संबंध नसलेले असावेत.

५) “हे म्हणजे इच्छामरण.”
नाही. इंजेक्शन देऊन मरण देणं भारतात गुन्हा आहे आणि लिव्हिंग विलमध्ये ते मागताच येत नाही. फक्त मरण लांबवणारे, बरे न करणारे उपचार नाकारता येतात. मरण आजारानेच येतं.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. घरातल्या म्हाताऱ्या बाईला तिची इच्छा कुणी विचारतच नाही. नवऱ्याचं, सासूचं शेवटचं आजारपण तिनेच काढलेलं असतं. त्यामुळे काय हवं, काय नको हे तिला चांगलं कळतं. कागद करण्याचा हक्क तिलाही तितकाच आहे.

कागद कसा करायचा?

• वय १८ पूर्ण असावं, बुद्धी शाबूत असावी आणि निर्णय स्वतःचा असावा. आजारी असलंच पाहिजे असं नाही.

• आधी डॉक्टरांकडून समजून घ्या. व्हेंटिलेटर म्हणजे काय, डायलिसिस कधी लागतं, नाकातून नळी का टाकतात, छाती दाबून हृदय चालू करणं कधी उपयोगी असतं. आपल्याला असलेल्या आजारात पुढे काय होऊ शकतं, हेही विचारा.

• कोणते उपचार नको ते स्पष्ट लिहा. “मला त्रास देऊ नका” एवढंच लिहिलं तर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. कागद संदिग्ध असेल तर तो लागू होत नाही.

• आपल्या वतीने संमती देणाऱ्या एका किंवा जास्त जवळच्या व्यक्तींची नावं लिहा. त्यांना आधी विचारा. दवाखान्यात लवकर पोहोचू शकेल आणि दबावाखाली बदलणार नाही, असा माणूस निवडा. तो थोरलाच मुलगा असावा असा नियम नाही. मुलगी, सून, भाचा कोणीही चालतं.

• दोन साक्षीदारांसमोर सही करा. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी साक्षांकन करतात. तहसीलदार, गटविकास अधिकारी हे राजपत्रित अधिकारी असतात. कागद स्वेच्छेने आणि समजून केला, याची खात्री झाल्याची नोंद साक्षीदार आणि अधिकारी त्यावर करतात.

• एक प्रत नेमलेल्या व्यक्तीला, एक नेहमीच्या डॉक्टरांना आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याला द्या. मौदा शहरातल्यांनी नगरपंचायतीत, गावातल्यांनी ग्रामपंचायत किंवा पंचायत समितीत “लिव्हिंग विलचे कस्टोडियन कोण?” असं विचारावं. प्रत दिल्यावर शिक्का मारलेली पोच जरूर घ्या.

• कागदाचा फोटो काढून मुला-मुलींच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. रात्री धावपळ झाली की मूळ कागद पेटीतच राहतो. डिजिटल आरोग्य नोंद असेल तर त्यातही हा कागद जोडता येतो.

• मन बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतो किंवा नवीन करता येतो. दोन कागद असतील तर शेवटी सही केलेला धरला जातो.

वकील लावण्याची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे.

मजकुराचा साधा नमुना

“मी, ………, वय ……… वर्षे, रा. ………, ता. मौदा, जि. नागपूर, पूर्ण शुद्धीत, समजून-उमजून आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देतो/देते की, मला बरा न होणारा आजार झाला, सुधारण्याची आशा नाही असे डॉक्टरांच्या मंडळाने ठरवले आणि त्या वेळी मी स्वतः निर्णय सांगू शकत नसेन, तर केवळ मृत्यू लांबवणारे उपचार, म्हणजे ………, ……… आणि ………, सुरू करू नयेत आणि सुरू असतील तर थांबवावेत. वेदना, धाप आणि इतर त्रास कमी करणारे औषधोपचार व शुश्रूषा मला शेवटपर्यंत द्यावी. माझ्या वतीने संमती देण्याचा अधिकार ……… (नाते ………) यांना आणि ते उपलब्ध नसल्यास ……… (नाते ………) यांना देत आहे. याचे परिणाम मला समजले आहेत. हे इच्छापत्र मी केव्हाही लेखी रद्द करू शकतो/शकते.”

खाली तारीख, सही, दोन साक्षीदारांची नावं-पत्ते-सह्या आणि नोटरी किंवा अधिकाऱ्याचं साक्षांकन. हा फक्त नमुना आहे. आपल्या आजारानुसार डॉक्टर आणि वकिलांकडून तपासून घ्यावा.

दवाखान्यात पुढे काय होतं?

कागद दाखवला आणि लगेच मशीन बंद केली, असं होत नाही. आधी उपचार करणारे डॉक्टर कागद खरा आहे की नाही, ते कस्टोडियनकडून किंवा डिजिटल नोंदीतून तपासतात. मग दवाखाना पहिलं वैद्यकीय मंडळ नेमतो. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभव असलेले किमान दोन तज्ज्ञ असतात. ते शक्यतो ४८ तासांत मत देतात.

त्यांनी होकार दिला की दुसरं मंडळ तपासतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले एक डॉक्टर आणि दोन नवे तज्ज्ञ असतात. त्यांचंही मत शक्यतो ४८ तासांत येतं. कागदात नाव असलेल्या व्यक्तीची संमती घेतली जाते. उपचार थांबवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवलं जातं. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात दाद मागता येते.

म्हणजे एकट्या डॉक्टरला किंवा एकट्या नातेवाइकाला हा निर्णय घेता येत नाही. पैशासाठी किंवा शेतीसाठी कुणी घाई करू नये, म्हणूनच ही दुहेरी तपासणी आहे.

कागद केलेलाच नसेल तर?

तरीही मार्ग आहे. माणूस बेशुद्ध आहे, सुधारण्याची आशा नाही आणि कागद नाही, अशा वेळी डॉक्टर दोन्ही मंडळांची हीच पद्धत नातेवाइकांच्या संमतीने वापरू शकतात. अनेक कुटुंबांना हे माहीत नसतं. मग खर्च आणि हाल बघवत नाहीत म्हणून ते सही करून ‘डामा डिस्चार्ज’ घेतात, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंटला घरी आणतात. घरी ना वेदनेचं औषध, ना मार्गदर्शन. शेवटचे दिवस कण्हण्यात जातात आणि घरच्यांच्या मनाला टोचणी लागते. डामावर सही करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “उपचार थांबवण्याची कायदेशीर पद्धत इथे होऊ शकते का? घरी नेलं तर त्रास कमी करायला काय द्यायचं?”

व्हेंटिलेटर नको म्हणजे सेवा नको, असं नाही

वेदना, धाप, उलटी, अंगावरच्या जखमा, घाबरणं यावर शेवटच्या श्वासापर्यंत उपचार करता येतात. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणजे परिहार सेवा म्हणतात. कॅन्सरच्या असह्य वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या असतात आणि २०१४ च्या कायद्यातल्या बदलानंतर त्या मिळण्याची अट सोपी झाली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या घेतल्या तर व्यसनाची भीती बाळगायचं कारण नाही.

आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत वृद्धांची आणि परिहार सेवा आहे. त्यासाठी आधी आशाताई आणि गावच्या आरोग्य केंद्रात विचारा. कॅन्सरच्या पेशंटसाठी नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे आणि शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांची सेवा करणारं ‘स्नेहांचल’ आहे.

आणि एखाद्या आजोबांना शेवटपर्यंत सगळे उपचार हवे असतील, तर तीही त्यांची इच्छाच आहे. तीदेखील मुलांना आधीच सांगून ठेवावी. आपली इच्छा घरच्यांना माहीत असणं महत्त्वाचं.

घरात विषय कसा काढायचा?

मुलांनी “बाबा, तुम्ही गेल्यावर…” अशी सुरुवात करू नये. ओळखीतल्या कुणाच्या आजारपणावरून विचारावं, “बाबा, त्यांना महिनाभर मशीनवर ठेवलं होतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर आम्ही काय करावं?” आईला वेगळं विचारावं, कारण वडिलांसमोर ती “यांचं तेच माझं” म्हणते. एका बैठकीत उत्तर मिळालं नाही तर घाई नको. दिवाळीत, रोवणी आटोपल्यावर, सगळी भावंडं घरी असताना पुन्हा बोलावं. सगळ्यांनी एकत्र ऐकलेलं असलं की पुढे “बाबा असं बोललेच नव्हते” हा वाद होत नाही.

ज्येष्ठांनीही पारावर जे बोलता ते एकदा घरात बोला. मुलगा “अभद्र बोलू नका” म्हणाला तर त्याला सांगा, “बाप्पा, हे मी तुयासाठीच बोलून राहिलो.”

लक्षात ठेवा

• वैद्यकीय इच्छापत्रात मालमत्ता नसते. असेल तर सही करू नका.
• बरा होऊ शकणाऱ्या आजारात ते लागू होत नाही.
• दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी आवश्यक.
• प्रत नेमलेल्या व्यक्तीकडे, डॉक्टरांकडे आणि स्थानिक कार्यालयात द्या. पोच घ्या.
• केव्हाही बदलता किंवा रद्द करता येतं.
• कागद करायला वेळ लागणार असेल, तर निदान आज संध्याकाळी जेवताना घरच्यांना तोंडी सांगून ठेवा.